रोपांच्या फिशटँकसाठी लाइट घेताना

फिशटँकसाठी लाइट घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, टाकी किती फुटी? लांबी जुळली की त्या मापाची पट्टी समोर येते. टाकीत नुसते मासे असतील तर एवढं पुरतं. रोपं लावायची असतील तर आधी कोणती रोपं ते ठरवा आणि मग लाइट घ्या. हा क्रम उलटला की खर्च तिप्पट-चौपट होतो, कारण उजेड वाढवला की त्याच्यामागून बाकीचा खर्च वाढत जातो.

कारण साधं आहे. उजेड जितका जास्त, तितकी रोपांची अन्न तयार करण्याची गती जास्त, आणि त्या गतीला पुरेल इतका कार्बन डायऑक्साइड नि खत पाण्यात लागतं. ते नसेल तर रोपं अडून बसतात आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ माजतं. ‘रोपं वाढत नाहीत’ म्हणून आणखी मोठा लाइट लावणाऱ्यांच्या काचा महिन्याभरात हिरव्या होतात, त्या यामुळेच.

अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन ही मंडळी कमी उजेडात सुखाने राहतात. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांतच वाढतात. (तिथून उपटून आणू नका, रोपवाटिकेतली घ्या.) वॅलिस्नेरियाला थोडा जास्त उजेड आवडतो. मॉन्टे कार्लोचा गालिचा किंवा लालबुंद रोटाला हवी असेल तर मात्र भरपूर उजेड आणि सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, असं गणित धरायचं.

उजेड मोजायचा ल्युमेनमध्ये. ‘लिटरला इतके वॅट’ हा जुना हिशेब ट्युबलाइटच्या काळातला; एलईडी तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त उजेड देते, म्हणून तो आता टाकून द्यावा. हौशी लोकांनी अनुभवाने बसवलेला ठोकताळा असा: सोप्या रोपांना लिटरमागे 15 ते 25 ल्युमेन, मध्यम रोपांना 25 ते 40, आणि त्याच्या वर गेलात तर कार्बन डायऑक्साइडशिवाय भागत नाही. टाकी दीड फुटापेक्षा खोल असेल तर आकडा थोडा वर धरा, कारण तळाशी उजेड कमी पोचतो.

आपल्याकडची सर्रास दिसणारी टाकी 2 बाय 1 बाय 1 फुटाची. तिच्यात काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावतं. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 45 ते 50 उरतं. म्हणजे सोप्या रोपांना हजार-बाराशे ल्युमेन पुरे. घरात लावतो ती दोन फुटी, 10 वॅटची एलईडी बॅटन साधारण हजार ल्युमेन देते आणि दोन-तीनशे रुपयांत मिळते. खोक्यावर 6500 के असं लिहिलेली, पांढऱ्या उजेडाची घ्या. रोपांची आणि माशांची खरी रंगछटा दिसायची असेल तर सीआरआय 80 च्या वर, जमल्यास 90 पाहा. समुद्री टाक्यांसाठीचे निळे लाइट स्वस्तात मिळाले तरी नकोत.

बॅटनची अडचण एकच, ती पाण्यासाठी बनलेली नसते. टाकीवर काचेचं झाकण हवं, फिटिंग झाकणापासून थोडं वर टांगलेलं हवं, आणि वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या घरात हा प्रयोग करूच नये. ज्यांना ही खटपट नको त्यांनी फिशटँकसाठीच बनवलेला, पाण्यापासून संरक्षण असलेला लाइट घ्यावा. दोन फुटी मापात साधे लाइट साधारण हजार ते दोन हजारांत मिळतात, बऱ्या दर्जाचे तीन ते पाच हजारांत. चिहिरोससारखे परदेशी लाइट दहा हजारांच्या आसपास आणि पुढे जातात. ते उत्तम असतात, पण त्यांची ताकद वापरायची तर सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड मिळून सहा-दहा हजार, पोषक माती दोन-तीन हजार, शिवाय दरमहा खत आणि सिलिंडर भरण्याचा खर्च. वीस हजारांची तयारी नसेल तर तो लाइट मंद करूनच चालवावा लागेल.

विकत घेताना एक खबरदारी घ्या. स्वस्त लाइटच्या खोक्यावर बहुधा नुसते वॅट छापलेले असतात, आणि तेही फुगवून. ल्युमेन विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात दुकानं शेजारी-शेजारी असल्याने लाइट पेटवून, तुलना करून घेता येतो. जांभळ्या झगमगाटाला भुलू नका.

विजेची काळजी फार करू नये. 10 वॅटची बॅटन रोज 8 तास चालली तर महिन्याला जेमतेम अडीच युनिट. चार फुटी, 250 लिटरच्या टाकीवर 20 वॅटच्या तीन बॅटन लावल्या तरी साडेचौदा युनिट. वाढीव युनिट तुमचं बिल ज्या टप्प्यात संपतं त्या वरच्या दराने लागतात. युनिटला दहा रुपये धरले तर दीडशेच्या आत.

आणि टायमर. चार-पाचशे रुपयांचा साधा प्लग टायमर हा या सगळ्या खरेदीतला सगळ्यात कामाचा भाग आहे. नव्या टाकीला पहिले काही आठवडे रोज 6 तासच उजेड द्या, रोपं मुळं धरू लागली की 8 पर्यंत न्या. हाताने बटण दाबणाऱ्या घरात लाइट कधी चार तास लागतो, कधी पाहुणे आले म्हणून चौदा, आणि शेवाळाला नेमकं तेच मानवतं.

पहिल्यांदाच रोपांची टाकी लावणाऱ्याने दोन फुटी मापासाठी लाइट आणि टायमर मिळून दोन-अडीच हजारांच्या पुढे जाऊ नये. हातात पैसे उरले तर त्यांची रोपं घ्या आणि पहिल्याच दिवशी टाकी दाट लावा.