गाणारा डबा

मंडळी, गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही घरातला माळा साफ करायला काढला. माझी नात वर चढली होती. मोडका पाळणा, फाटक्या गोण्या, जुनी भांडी असे एकेक ती खाली देत होती. तेवढ्यात तिने विचारले, "आबा, हा मूठ असलेला डबा कसला हो?"

मी डबा हातात घेऊन धूळ पुसली. अहो, तो माझा टेपरेकॉर्डर! १९८३ साली पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून मी तो घेतला होता. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. त्याला सगळे 'टू-इन-वन' म्हणत. सहा मोठे सेल घातले की तो विजेवाचून चाले. मूठ धरावी आणि शेतात न्यावा, नदीवर न्यावा, वऱ्हाडात न्यावा.

नात म्हणाली, "एवढा जड? आणि यात गाणी मावायची तरी किती?"

मी म्हटले, "एका कॅसेटमध्ये बारा-चौदा."

ती हसली. तिच्या फोनवर हवे ते गाणे एका बोटाने लागते. तिचे हसणे बरोबरच आहे. मग माझ्या वयाच्या माणसांना या डब्यांची एवढी आठवण का येते? तेच आज आपण पाहू.

रेडिओ घराबाहेर पडला

पूर्वीच्या रेडिओत काचेचे दिवे असत. ते तापायला वेळ लागे आणि वीजही पुष्कळ लागे. म्हणून रेडिओ फळीवर एका जागी बसून राही. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एक लहानसा भाग तयार झाला. त्याचे नाव ट्रान्झिस्टर. काचेच्या दिव्याचे काम तो अगदी थोड्या विजेत करी. या शोधाबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली या तीन शास्त्रज्ञांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५४ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा लहान रेडिओ विक्रीला आला. तो खिशात मावे. पुढे असे रेडिओ आपल्याकडेही आले. आतल्या भागाचे नाव अख्ख्या रेडिओला पडले. लोक म्हणू लागले, "ट्रान्झिस्टर लाव रे!"

मी लहान असताना आमच्या वस्तीवर एकच ट्रान्झिस्टर होता. त्याला चामड्याचे घर होते आणि खांद्याला अडकवायचा पट्टा होता. मालक तो लिंबाच्या फांदीला टांगी. खाली खुरपणाऱ्या बाया गाणी ऐकत. क्रिकेटचा सामना असला की पोरे गोळा होत. संध्याकाळी बातम्या आणि बाजारभाव ऐकायला म्हातारी माणसे येत. विविध भारती १९५७ साली सुरू झाली होती. तिची गाणी आम्हाला पाठ असत. त्या काळी रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात फी भरावी लागे. पुढे ती पद्धत बंद झाली. फी एकजण भरी, पण ऐकत मात्र सगळे.

आवाज साठवणारी फीत

रेडिओवरचे गाणे वाऱ्यासारखे. आले आणि गेले. ते धरून ठेवायचे कसे? त्यासाठी कॅसेट आली.

हॉलंडमधील फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स नावाचे अभियंते होते. कोटाच्या खिशात मावेल एवढा एक लाकडी ठोकळा त्यांनी करून घेतला. नवे यंत्र याहून मोठे नको, असे त्यांनी ठरवले होते. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कंपनीने कॅसेट लोकांपुढे मांडली. ऑटेन्स २०२१ साली वारले.

कॅसेटमध्ये प्लॅस्टिकची अरुंद फीत असते. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारख्या बारीक भुकटीचा थर असतो. आपण बोललो की माइक त्या आवाजाची वीज करतो. त्या विजेने यंत्रातला लहानसा चुंबक कमी-जास्त जोर धरतो. त्याच्यापुढून फीत सरकते आणि भुकटीवर आवाजाची खूण उमटते. ऐकताना हेच काम उलट्या क्रमाने होते. ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते. एका बाजूला ३० मिनिटे, कॅसेट उलटली की आणखी ३० मिनिटे.

कधी फीत यंत्रात गुंते. मग ती हलक्या हाताने सोडवायची, चाकात पेन्सिल घालायची आणि फिरवून गुंडाळायची. सेल उतरले की गायकाचा आवाज रेड्यासारखा होई. मग आम्ही ते सेल काढून उन्हात ठेवू. घटकाभर का होईना, गाणे पुन्हा सरळ वाजे. ही खटपट आज सांगताना मौज वाटते.

कानातले गाणे

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीने वॉकमन विक्रीला आणला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा तो लहान डबा कमरेला अडकवता येई. किंमत ३३,००० येन होती. त्यात आवाज भरण्याची सोय नव्हती, नुसते ऐकायचे. असे अर्धे यंत्र कोण घेणार, अशी शंका कंपनीतल्याच लोकांनी काढली. पहिल्या महिन्यात खपही थोडा झाला. पण लवकरच दुकानांत माल पुरेना.

यात एक गंमत आहे. कंपनीचे एक संस्थापक आकिओ मोरिता यांनी हे यंत्र घरी नेऊन पाहिले. ते कानाला लावून बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीला ते आवडले नाही. आपण एकटेच ऐकणे बरे नव्हे, असे मोरितांना वाटले. म्हणून पहिल्या वॉकमनला दोघांना ऐकता येईल अशी दोन भोके ठेवली. पुढच्या यंत्रांत मात्र एकच भोक पुरेसे ठरले. लोकांना एकट्याने ऐकणेच आवडू लागले.

२००१ साली आयपॉड आला. त्यात १००० गाणी मावत आणि फीत नव्हती. २०१० साली सोनीने जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन बनवणे थांबवले. २०२२ साली आयपॉडही बंद झाला. आता सगळे काही फोनमध्ये आहे.

माझी चूक

आता मी माझ्या डब्याकडे येतो. तो घेतला त्याच वर्षी एका पहाटे मी आईच्या ओव्या भरून घेतल्या. गावात पिठाची गिरणी आली होती, तरी सणासुदीला ती थोडे दळण जात्यावर दळी. मी डबा जात्याजवळ ठेवला. आई लाजली. म्हणाली, "माझा कसला आलाय आवाज! आणि ह्या डबड्यात तो शिरायचा कसा रं?" पण जाते फिरू लागले आणि ती गाऊ लागली. अर्धा तास गायली. मग मी तिला ते ऐकवले. ती डोळ्याला पदर लावून ऐकत राहिली.

मी ती कॅसेट फळीवर ठेवून दिली. तिच्यावर काही लिहिले नाही. मला ठाऊक आहे, म्हणजे पुरे, असे मनात धरले.

दोन महिन्यांनी धाकट्या भावाला रेडिओवरची गाणी भरून घ्यायची होती. फळीवर कोरी दिसणारी कॅसेट होती. त्याने तीच घातली आणि तांबडे बटण दाबले. नवा आवाज भरताना यंत्र आधीचा आवाज आपोआप पुसते. मी शाळेतून आलो तेव्हा आईच्या आवाजाच्या जागी सिनेमाची गाणी वाजत होती.

भावाचा काय दोष? कॅसेटवर नावच नव्हते. मी मास्तर. रोज चाळीस पोरांना अक्षरे गिरवायला लावी. पण 'आईच्या ओव्या' एवढी पाच अक्षरे मला लिहून ठेवता आली नाहीत.

पुन्हा भरून घेऊ, असे मी म्हणत राहिलो. आज परीक्षा, उद्या सुगी. आई १९८६ साली गेली.

त्या दिवाळीत नातीने डब्याबरोबर ती कॅसेटही शोधून काढली. शहरातल्या एका माहितगार मुलाने ती आपल्या यंत्रावर लावली. गाणी संपली, थोडी खरखर झाली, आणि एकदम जात्याची घरघर ऐकू आली! भावाने बाजू संपायच्या आधीच यंत्र बंद केले होते. शेवटची तीन मिनिटे वाचली होती. आईने अडीच ओव्या म्हटल्या, खोकली आणि विचारले, "झालं का रं?"

घरात कोणी बोलले नाही. नातीने पणजीला कधी पाहिले नव्हते. तिने ते पुन्हा लावायला सांगितले.

त्या दिवशी मला कळले. मला डब्याची आठवण येत नव्हती. डब्यापाशी बसलेल्या माणसांची येत होती. डबा बाजारात पुन्हा मिळेलही, ती माणसे मिळायची नाहीत.

आपल्याच राज्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. काही ध्वनिमुद्रितही झाल्या. लिहून ठेवल्या म्हणून त्या टिकल्या, आणि कोणत्या बाईने कोणत्या गावी म्हटल्या तेही आज कळते.

तुम्ही काय करावे?

१. घरात जुन्या कॅसेट असतील तर आधी त्यांवर नाव लिहा. कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल.

२. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान पत्र्या असतात. त्या मोडून टाका. मग तांबडे बटण दाबले जात नाही आणि आवाज पुसला जात नाही.

३. जुन्या यंत्रात महत्त्वाची कॅसेट एकदम घालू नका. आधी बिनकामाची घालून पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर माहितगारालाच दाखवा.

४. कॅसेट ऊन, ओल आणि चुंबक यांपासून दूर ठेवा. यंत्र वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरले की आतले भाग गंजतात.

५. तुमच्या खिशात फोन असेल तर तोच टेपरेकॉर्डर समजा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. ओवी, गोष्ट, शेतीची जुनी रीत, काय सांगतील ते भरून घ्या. त्याला नाव द्या. फोन हरवतो, बिघडतो, म्हणून दुसऱ्या ठिकाणी त्याची प्रत ठेवा.

हे काम सुगीनंतर करू, असे म्हणू नका. मी म्हटले होते.

प्रश्न

१. पूर्वीचा रेडिओ एका जागी का बसून राही?

२. पहिल्या वॉकमनला दोन भोके कशासाठी ठेवली होती?

३. कॅसेटवरचा जुना आवाज कसा पुसला जातो? तो पुसू नये म्हणून काय करावे?

४. तुमच्या घरातल्या कोणाचा आवाज तुम्ही भरून घ्याल? त्या माणसाचे नाव, गाव आणि आजची तारीख वहीत लिहा.