रस्सा उकळतो, कांद्याचं काय?

रविवारी चिकनच्या दुकानात डोळ्यांदेखत कोंबडी कापून घेतली की बरेच जण निर्धास्त होतात. मांस ताजं असतं हे खरं, पण साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्याही आतड्यात असू शकतात. पोट साफ करताना आतडं फुटलं की ते मांसाला लागतात. तोच सुरा, तोच ओंडका पुढच्या गिऱ्हाइकालाही वापरला जातो. वासावरून किंवा रंगावरून यातलं काहीच कळत नाही.

तुकडा आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचला की हे जिवाणू मरतात, आणि आपला रस्सा तर रटरट उकळतो. म्हणून मला रश्श्यापेक्षा सोबतच्या कांद्या-काकडीची काळजी वाटते. चिकन कापलेली सुरी नुसती पाण्याखाली धरून त्याच सुरीनं कांदा चिरला, मसाला चोळलेल्याच हातानं कोथिंबीर भुरभुरली, की जिवाणू न शिजता ताटात येतात. त्यामुळे कोशिंबिरीची चिराचिरी आधी उरकून ती झाकून ठेवा आणि मगच चिकनची पिशवी उघडा.

नळाच्या धारेखाली चिकन धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर खोल पातेल्यात थोड्या पाण्यात हलकेच धुवा, पाणी सावकाश ओता, मग बेसिन आणि हात साबणानं घासा. हळद, मीठ, लिंबू चवीसाठी जरूर लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मसाला लावलेलं चिकन फ्रिजमध्येच मुरू द्या, तेही झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये जिवाणूंची वाढ थांबते, ते मरतीलच असं नाही.

जुलाब सुरू झाले तर आधी ओआरएस. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणू नका. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. चिकनला सरसकट दोष देण्याचं कारण नाही. जुलाबांनंतर हा आजार क्वचितच होतो. तरीही जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लटपटू लागले, तर अशक्तपणा समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि आधी जुलाब झाले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.