पाळीची नोकरी आणि मनाचे आरोग्य

बोईसर-तारापूर परिसरात १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि रात्रपाळी आपल्या घराघरांत आली. पाळी करणारा घरचा माणूस चिडचिडा झाला, अबोल झाला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. त्यामागे शरीराचाही भाग असतो. तो समजून घेणे, हा या पाठाचा हेतू आहे.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एक घड्याळ असते. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते वेळ जुळवते. अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवते व शरीर झोपेला लागते. पहाटे कॉर्टिसोल वाढते व जाग येते. पेशींमधील अशा घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसऱ्या पाळीत हा क्रम उलटा होतो. दिव्यांच्या उजेडाने मेलॅटोनिन दबते. सकाळी अंथरुणाला पाठ टेकावी, तर शरीर जागे होत असते. झोप तुटते. असे महिनोन्‌महिने चालले की विसराळूपणा, चिडचिड आणि उदासी वाढू शकते.

मात्र एखादे रसायन कमी झाले म्हणून उदासी आली, इतके सोपे हे गणित नाही. कर्ज, अपमान, एकटेपणा यांचाही त्यात वाटा असतो. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले तरी थकवा व उदासी येते. ते साध्या रक्ततपासणीत कळते.

कंत्राटी कामगाराला पाळी नाकारणे अवघड असते, हे आम्ही जाणतो. पण घर आपल्या हाती आहे. झोपण्याच्या खोलीला जाड पडदा लावावा. पाळी संपत आली की चहा टाळावा. झोपेसाठी दारू घेऊ नये. तिने झोप लागते, पण टिकत नाही. दिवसा झोपलेल्या माणसाला मुलांनी व पाहुण्यांनी उठवू नये. रात्रपाळी करून आलेल्या भगिनीलाही हीच सवलत मिळाली पाहिजे. तिने लगेच चुलीपुढे उभे राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तेथे विनामूल्य बोलता येते. उदासीवरील औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नये.

मधुमेहाची गोळी आपण लपवून घेत नाही. मनाच्या आजाराचीही लाज वाटू नये, एवढे वातावरण आपण आपल्या वस्तीत निर्माण करू या.