गेर्डा वाइसमन क्लाइन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नाझी राजवटीनें सुमारे ६० लक्ष ज्यू लोकांची हत्या केली. हें वाक्य पाठ करणें सोपें आहे. परंतु एवढी संख्या मनांत मावत नाहीं. यास्तव एकाच मुलीचें चरित्र पाहूं.

गेर्डा वाइसमन हिचा जन्म ८ मे १९२४ रोजीं पोलंडांतील बिएल्स्को गांवीं झाला. सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मन फौजा तेथें शिरल्या, तेव्हां ती पंधरा वर्षांची होती. लवकरच तिचा थोरला भाऊ आर्थर यास घर सोडावें लागलें. तो पुन्हां दिसला नाहीं. कुटुंबास स्वतःच्याच घराच्या तळघरांत राहावें लागलें. जून १९४२ मध्यें आईबापांची व तिची कायमची ताटातूट झाली. त्या उन्हाळ्यांतहि तिनें बर्फांत वापरावयाचे भक्कम बूट घालावे, असा वडिलांनीं हट्ट धरिला व तिनें तो मानिला. पुढें आईबाप औश्वित्झ येथें मारले गेले.

गेर्डा कापडगिरण्यांच्या मजूर छावण्यांत राबली. एकदां इल्से नांवाच्या मैत्रिणीस रासबेरीचें एकच फळ सांपडलें. पोटांत भूक असतांहि तिनें तें दिवसभर जपलें आणि रात्रीं पानावर ठेवून गेर्डास दिलें. जानेवारी १९४५ मध्यें पहारेकऱ्यांनीं या स्त्रियांना हिमांतून सुमारे ३५० मैल पायीं हांकलें. कित्येक जणी अनवाणी चालून मेल्या. गेर्डास वडिलांचा हट्ट उपयोगी पडला. इल्से मात्र वाटेंतच वारली.

मे १९४५ मध्यें चेकोस्लोव्हाकियांतील व्होलारी येथें अमेरिकन सैन्यानें तिची सुटका केली. तेव्हां तिचें वजन अवघें ६८ पौंड होतें. आपण ज्यू आहोंत, असें तिनें भीतभीत सांगितलें. आपणहि ज्यूच आहों, असें कुर्त क्लाइन या अधिकाऱ्यानें उत्तर दिलें. त्याचेहि आईबाप औश्वित्झ येथेंच गेले होते. मग त्यानें दार उघडून धरिलें व तिला आदरानें पुढें जाऊं दिलें. आपलें माणूसपण त्या क्षणीं परत मिळालें, असें ती पुढें सांगत असे.

१९४६ मध्यें पॅरिस येथें त्यांचा विवाह झाला व अमेरिकेंतील बफेलो शहरीं त्यांनीं संसार थाटला. तिला तीन अपत्यें झालीं. १९५७ मध्यें तिचें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें. गांवोगांवच्या शाळांतून तिनें मुलांस आपली हकीकत सांगितली. २०११ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं तिला स्वातंत्र्यपदक अर्पण केलें. ३ एप्रिल २०२२ रोजीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, ती निवर्तली.

मुलांनो, एक फळ देण्यास किंवा दार उघडून धरण्यास धन लागत नाहीं, अधिकारहि लागत नाहीं. ज्याला इतरांनीं दूर लोटलें आहे, त्याच्यासाठीं दार कोण उघडील, एवढाच प्रश्न असतो. तो प्रश्न आपल्या वर्गांतहि रोज उभा राहतो.