दोन इंचांची फट

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात कुठे ना कुठे बांधकाम चालू असेल. शाळेत येता-जाता तुम्ही वाळूच्या ढिगावर चढला असाल आणि गवंड्याची बोलणीही खाल्ली असतील. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून आमच्या घरीच बांधकाम चालू आहे. ते अजून पुरे झालेले नाही. जेवढे झाले, त्याची हकीकत आज तुम्हाला सांगतो. दरवाजा, इमारत, दिवाणखाना, जमीन हे मराठी शब्द तर तुमच्या घरातलेच आहेत. ‘मजला’ हा शब्दही आपल्या ‘मंजिल’चाच भाऊ. पाया, जोते, ओळंबा, गिलावा हे शब्द मात्र तुम्हाला बांधकामावरच भेटतील.

आमचे घर लातूर जिल्ह्यातील एका गावात आहे. घर माळवदाचे. माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी कड्या आणि फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर फार थंड राहते. पण पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकावी लागते. जुनी माती कोणी काढत नाही. त्यामुळे आमच्या माळवदावर दीड फूट माती साचली होती. खाली आम्ही चौदा माणसे राहतो : दादी, अब्बा-अम्मी, चाचा-चाची आणि आम्ही सगळी मुले-नातवंडे. परीक्षेच्या दिवसांत एका कंदिलाएवढ्या दिव्याखाली चार-चार मुले अभ्यासाला बसत.

चाचांचे म्हणणे असे, की भिंती दोन फूट जाड आहेत, तेव्हा माळवद काढावे आणि त्याच भिंतींवर वरचा मजला चढवावा. पाया खणण्याचा खर्च वाचेल. आम्हा सर्वांना ते पटले होते. अब्बांनी मात्र एका अभियंत्याला बोलावले. त्याने भिंतीतला एक दगड काढून दाखवला. बाहेरच्या बाजूला दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी, आणि मध्ये नुसती माती व दगडांचे तुकडे! दोन्ही रांगांना धरून ठेवणारा एकही लांब दगड नव्हता. सिमेंट तर नव्हतेच. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असे आपण समजतो. ते खरे नाही.

दादी खाटेवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “किल्लारीची घरे अशीच होती.”

मुलांनो, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठा भूकंप झाला. लोक गाढ झोपेत होते. हजारो माणसे मेली. जमीन हलली तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आतून-बाहेरून सुटल्या आणि माळवदांची जड माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. आमचे गाव तिथून दूर असल्यामुळे वाचले. मी तेव्हा पाळण्यात होतो. पुढे कित्येक रात्री दादींनी मला अंगणात, लिंबाच्या झाडाखाली निजवले होते.

त्या दिवसापासून वरच्या मजल्याचे नाव कोणी काढले नाही. घराच्या मागच्या परसात स्वतंत्र पायावर नवे बांधकाम करायचे ठरले. लांबी तीस फूट, रुंदी चोवीस फूट, मजले दोन.

पहिले काम आखणीचे. गवंडीमामांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर व दुसरीवर चार फुटांवर खूण केली. दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले, तेव्हाच ते म्हणाले, “आता कोपरा काटकोनात आला.” मी त्यांना विचारले, “मामा, पायथागोरसचा सिद्धांत कुठे शिकलात?” ते म्हणाले, “सर, हे मला वडिलांनी शिकवले. तुमच्या त्या माणसाला मी ओळखत नाही.”

पाया म्हणजे बुनियाद. गावाच्या वस्तीच्या जागेला मराठीत ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. आमचे जुने घर पांढरीवर आहे. पण परसात काळी माती निघाली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्या भेगांत हात जाईल एवढ्या त्या रुंद होतात. तिच्यावर पाया ठेवला, तर घरही दरवर्षी वर-खाली होणार आणि भिंतींना तडे जाणार. म्हणून बारा खांबांसाठी बारा खड्डे घेतले आणि मुरूम लागेपर्यंत खणत गेलो. सात फुटांवर मुरूम लागला. खर्चाचा अंदाज तिथेच चुकला.

खरा वाद पुढे झाला. अभियंत्याने सांगितले, की जुन्या घराची भिंत आणि नवी भिंत यांच्यात दोन इंचांची फट सोडायची. दोन्ही एकमेकींना बांधायच्या नाहीत. दादींनी विचारले, “भिंतीला भिंत लागणार नसेल, तर घर एक कसे?” त्यांना कोणीतरी हेही सांगितले होते, की नकाशात नव्या बाजूला स्वयंपाकघर दाखवले आहे. मग काय! आधी भिंती वेगळ्या, मग चुली वेगळ्या, असे त्या म्हणू लागल्या. दोन दिवस घरात कोणी मोकळेपणाने बोलले नाही. चाचींना स्वतःचे स्वयंपाकघर हवे होते, हे खरे. आणि त्यात त्यांचे काही चुकत होते, असे मला वाटत नाही.

फटीचे कारण मी दादींना शाळेतल्या उदाहरणाने सांगितले. तीन पायांची शर्यत तुम्ही पळला आहात. दोघांचे पाय बांधलेले असतात. एकाची चाल वेगळी पडली की दोघेही तोंडावर पडतात. जुने घर आपल्या जागी कधीच बसून गेले आहे. नवे घर पहिली काही वर्षे थोडे खाली बसेल. भूकंपात दगडी घर एका चालीने हलेल, काँक्रीटचे दुसऱ्या. एकमेकांना बांधले, तर एक दुसऱ्याला फाडेल. दादींनी ऐकून घेतले. फट राहिली, मात्र तिथे एक दरवाजा ठेवायचा आणि त्याला कडी लावायची नाही, असे ठरले. नकाशातील स्वयंपाकघराच्या जागी सध्या ‘कोठी’ असे लिहिले आहे. नळाची जागा मात्र सोडून ठेवली आहे.

खांबांचे काँक्रीट झाले. फळ्या काढल्या, तेव्हा एका खांबाच्या बुडाशी मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसली. आतली सळई उघडी पडली होती. काँक्रीट नीट ठासले गेले नव्हते. चाचा म्हणाले, “गिलावा करून घेऊ.” गवंडीमामांनी मान हलवली. “गिलाव्याने भोक झाकेल, पण वजन काय गिलावा उचलणार आहे?” खांब फोडला आणि पुन्हा भरला. मजुरी मामांनी घेतली नाही. सिमेंट आमचे गेले.

रमजानमध्ये काम मंदावले. रोजा ठेवणारे बिगारी सहरीनंतर लगेच येत आणि ऊन चढण्याआधी घरी जात. ईदनंतर पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला. एका पोत्याला, म्हणजे ५० किलो सिमेंटला, सुमारे २५ लिटर पाणी पुरते. पण काम सोपे व्हावे म्हणून बिगारी जास्त पाणी ओततात आणि काँक्रीट कच्चे राहते. त्या दिवशी मी मग घेऊन पिंपाजवळच उभा राहिलो. पढवलेल्या गणिताचा असा उपयोग क्वचितच होतो!

पाण्याची गंमत अशी, की काँक्रीटमध्ये ते कमी हवे आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर वरून भरपूर हवे. निदान दहा दिवस स्लॅब ओला ठेवावा लागतो. २०१६ साली ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात एप्रिल महिन्यात हे सोपे नाही. दोन टँकर विकत घेतले. मुलांनी घरातल्या सर्वांच्या वजूचे पाणी टोपात धरून वर नेले.

पावसाच्या आधी एक काम राहिले होते. अभियंत्याच्या सल्ल्याने जुन्या माळवदाचे ओझे कमी करायचे होते. एक फूट माती उतरवली, सहा इंच ठेवली आणि मध्ये जाड प्लॅस्टिक अंथरले. कापलेल्या मातीच्या कडेला सालोसालचे थर दिसत होते. दादी खाली बसून घमेली मोजत होत्या. दुपारच्या अजानपर्यंत मोजणी चुकली. माती टाकायची कुठे, हा प्रश्न आला. नव्या खोल्यांच्या जोत्यात फरशीखाली भराव कमी पडत होता. ही माती काळ्या मातीसारखी फुगत नाही, म्हणून ती तिथेच टाकली, पाणी मारले आणि धुमसाने ठोकून बसवली.

संध्याकाळी दादी त्या बिनकडीच्या दरवाजातून पहिल्यांदाच पलीकडे गेल्या. भरावावर चप्पल काढून उभ्या राहिल्या आणि अम्मीला म्हणाल्या, “यातली निम्मी माती मीच डोक्यावरून वर नेली होती.”

खिडक्यांच्या चौकटी अजून आलेल्या नाहीत. जुन्या भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचे आहे. वरचा मजला पैसे जमतील तसा. फटीवर पत्र्याची पट्टी बसवली आहे. तिची एकच बाजू ठोकलेली आहे, दुसरी सुटी आहे. काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी पाहिले, तर फटीखालची जमीन कोरडी होती.