आधी ऊब, मग दूध

कऱ्हाड

चि. सोनूस,


फोनवर तू इतकी रडत होतीस की माझं बोलणं निम्मंच तुझ्या कानांवर पडलं असणार. म्हणून सविस्तर लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या मामाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

परसात विटांच्या ढिगामागे मांजराचं पिल्लू एकटं दिसलं, म्हणजे ते अनाथ आहे असं लगेच धरू नकोस. मांजर पिलांना सात घरं फिरवते असं आजी म्हणते ना, ते काही उगाच नाही. तिच्या तोंडात एका वेळी एकच पिल्लू मावतं. एक नेऊन ठेवलं की दुसऱ्याला न्यायला ती परत येते. तू नेमकी त्या मधल्या वेळेत तिथे गेली असशील. पिल्लू अंगाला गरम लागत असेल, पोट भरलेलं दिसत असेल आणि ते निजलेलं असेल, तर त्याला तिथेच राहू दे. भोवती थोडं पीठ भुरभुरव आणि घरात ये. मांजर येऊन गेली तर पिठात पावलं उमटतील. तू तिथेच उभी राहिलीस तर ती जवळ येणार नाही. दोन-तीन तास कळ काढ, मात्र कुत्री फिरकत नाहीत ना, तेवढं खिडकीतून बघत राहा.

माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नकोस. आमच्या कऱ्हाड तालुक्यात ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. तोडणीवाल्यांचे हात लागतात, मग वनखात्याचे, मग तपासणाऱ्या डॉक्टरांचे. संध्याकाळी ती पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिल्लू उचलून घेऊन जाते. बिबटीण नेते, तर तुमच्या गल्लीतली भाटी का नेणार नाही?

पण पिल्लू गार पडलं असेल, भिजलं असेल, त्याला मुंग्या लागल्या असतील किंवा ते सारखं ओरडत असेल, तर वाट बघू नकोस. उचल.

उचललंस की सगळे तुला दूध पाजायला सांगतील. तिथेच पिल्लं दगावतात. एवढ्या लहान पिलाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ते गार असताना पोट चालत नाही, दूध पचत नाही, आणि नीट गिळता न आल्यामुळे फुप्फुसात जाऊ शकतं. त्याच्या तोंडात करंगळीचं टोक घालून बघ. तोंड गार लागलं तर दूध नाही. खोक्यात जुनी सुती साडी अंथर, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेव, म्हणजे जास्त उकडलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल.

गाईचं किंवा म्हशीचं दूध नको. मांजरीचं दूध वेगळं असतं. आपल्या घरच्या दुधानं पिलाला हगवण लागते आणि शंभर ग्रॅमचा जीव बघता बघता सुकतो. मांजराच्या पिलांची दूध पावडर मिळते. तुमच्या विट्यात नसेल तर बाबांना सांगलीहून आणायला सांग. गल्लीत नुकती व्यालेली दुसरी मांजर असेल तर त्याहून बरं, बहुतेकदा ती परकं पिल्लू घेते.

सुई काढलेल्या सिरिंजनं थेंबथेंब पाज. पिल्लू पोटावरच हवं, आपण बाळाला मांडीवर उताणं घेतो तसं मुळीच नाही. शंभर ग्रॅमच्या पिलाला एका वेळी चार मिलीच्या आसपास पुरे, पण दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट पाण्यात कापूस भिजवून शेपटीखाली हलकेच पुस. आई चाटते तेव्हाच ते शी-शू करतं, आपण होऊन त्याला जमत नाही. वजन रोज कर. बाबांच्या सोनं-चांदीच्या गलाईच्या दुकानातला काटा कामाला येईल. दिवसाला दहा ग्रॅम वाढायला हवेत. वाढलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. सांगलीची अ‍ॅनिमल राहत ही संस्था कारखान्यांवरच्या बैलांसाठी काम करते, पण इतर प्राण्यांच्याही मदतीला जाते. त्यांनाही विचारून बघ.

पिल्लू चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि आरोग्य केंद्रात जायचं. याबाबत आईपासून लपवालपवी चालणार नाही.

तुमच्या परसातलं पिल्लू घरमांजराचंच असणार. पण शाळेतलं कुणी उसातून पिल्लू उचलून आणलं तर ते रानमांजराचं किंवा वाघाटीचं असू शकतं. ही पिल्लं लहानपणी मांजरासारखीच दिसतात, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती पाळता येत नाहीत. तेव्हा पिल्लू जिथे मिळालं ती जागा लक्षात ठेवायची आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करायचा.

इतकं करूनही पिल्लू जगेलच असं नाही. पहिल्या आठवड्यात पुष्कळ जातात, आईपाशी असलेलीसुद्धा.

आणि ती भाटी सापडली, तर पिल्लं दोनेक महिन्यांची होऊन दूध सुटलं की तिची नसबंदी करून घ्यायची. अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. बाबा कुरकुर करतील. खर्च मी देतो म्हणून सांग.

तुझा,
मामा