अंगणातील काळी मुसळी

रत्नागिरीत मृगाचा पाऊस पडला की आंब्याच्या बागेत आणि जांभ्याच्या गडग्याजवळ हिरवी पाती वर येतात. तेथे जरा वाकून पाहा. माडाच्या कोवळ्या रोपासारखी घडीची पाने असलेले एक लहान रोप दिसेल. त्याच्या बुडाशी, मातीला टेकून, सहा पाकळ्यांचे पिवळेधमक फूल असते. ही काळी मुसळी. गवत समजून पुष्कळ लोक तिला उपटून टाकतात!

हिचा कंद बाहेरून काळा असतो. युनानी औषधांत त्याला 'मुसली सियाह' म्हणतात. सियाह म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच. आयुर्वेदातही त्याचा उपयोग होतो. पण हेच गुण तिच्या मुळावर आले आहेत. एखाद्या झाडाचे पान तोडले तर दुसरे फुटते. येथे मात्र कंद खणला की सारे रोपच जाते. म्हणून अनेक रानांत ती आता कमी दिसते.

तुम्ही ती अंगणात लावू शकता. रानातून मात्र खणून आणू नका. कोणाच्या घराचा पाया खणत असतील, तर तेथील रोपे विचारून घ्या किंवा रोपवाटिकेत चौकशी करा. कंदाचा कोंब असलेला, सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा तुकडा जूनच्या आरंभी लावा. कोंब वर ठेवा. दोन तुकड्यांत १० सेंटिमीटर अंतर पुरते. लाल मातीत कुजलेला पालापाचोळा मिसळा. हिला दिवसभराचे ऊन नको. झाडाची विरळ सावली आवडते. पागोळ्यांखाली मात्र लावू नका, कारण पाणी साचले तर कंद कुजतो.

फुलाची एक गंमत पाहा. फूल वर उमलते, पण फळ मातीतच धरते. तुम्हांला भुईमूग आठवेल. मात्र भुईमुगाचे फूल वर येते आणि मग त्याची आरी जमिनीत शिरते. येथे फळाची जागा आधीपासून मातीतच असते. आणखी एक नवल म्हणजे, लांब पानाचे टोक ओल्या मातीला टेकले तर कधीकधी तेथेच मुळे फुटून नवे रोप तयार होते. तेव्हा वाकलेली पाने कापू नका.

पाऊस संपल्यावर पाने पिवळी पडून वाळतात. रोप मेले असे समजून कुंडी रिकामी करू नका. कंद आत झोपलेला असतो. कुंडी सावलीत ठेवा, पाणी अगदी थोडे द्या आणि पुढच्या जूनची वाट पाहा.